अंगणातली खिडकी

मच्छे,
२३ जून २०२४

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जय भीम.

नवी खोली मिळाली, हे काल फोनवर सांगितलंच. पण फोनवर मी बोलत राहते आणि तुमच्याकडून टिचक्या येतात. एक म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाय. गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला तेव्हा आपण हे ठरवलं, आणि मला वाटलं होतं, पुरेल. पुरत नाही. ‘जेवलात का’ म्हटलं की एक टिचकी येते, पण काय जेवलात ते कळत नाही. म्हणून पत्र. तुम्हाला अक्षरं मीच शिकवलीत, तेव्हा लिहिता येत नाही असं म्हणू नका.

खोली धोंडूआक्कांच्या घरामागे आहे. त्या जैन, माहेर चिकोडीकडचं. मुलगा श्रेयस पुण्याला असतो, त्या एकट्याच राहतात. खोलीपुढं मोकळं अंगण आहे. लाल माती, एक नळ आणि कंपाउंडची भिंत, बाकी काही नाही. मी विचारलं, “झाडं लावली तर चालेल का?”

“लाव की गं. झाडं कुणाला नकोत?”

“भिंतीला खिळे मारले तर?”

“मार.”

“किती मारू?”

त्या हसून म्हणाल्या, “पोरी, तू खिळ्यालाबी भितीस व्हय?”

आप्पा, हे अंगण मी तुमच्यासाठी करणार आहे. आई गेल्यापासून तुम्ही तिकडं एकटे आणि मी इकडं. ‘इथं या’ म्हटलं की दोन टिचक्या येतात. तुम्हाला बसायला मोकळी जागा लागते, हे मला माहीत आहे. ती तयार करते, मग तरी या. कुंड्या विकत आणायच्या नाहीत. टाकाऊ वस्तूंचं काय काय करता येतं ते लिहा. परसात तुम्ही आणि आईनं किती गोष्टी केल्या होत्या, मला नीट आठवत नाहीत. तेव्हा मी सारखी पुस्तकात होते.

नोकरी पक्की व्हायला डिसेंबर उजाडेल. तोवर निपाणीला फिरकायचं नाही हे तुम्हाला दिलेलं वचन पाळते आहे. मागच्या वेळी तुमच्या ऑपरेशनसाठी रजा वाढवली आणि नोकरी गेली, त्यात तुमचा दोष नव्हता. हे परत एकदा लिहून ठेवते.

तुमची,
सुनयना


निपाणी,
२ जुलै

चि. सुनयना,
जय भीम.

पत्र पोचलं. काय जेवलो ते लिवतो. भाकरी, आमटी, कांदा. रोज तेच, म्हणून टिचकी पुरती.

आता अंगण. तेलाचा पत्र्याचा डबा घे. कापलेली कड दगडानं ठोकून आत मोड, न्हाईतर हात कापंल. बुडाला खिळ्यानं भोकं पाड, आतनं बाहेर. बाहेरनं आत पाडलीस तर भोकाचा काठ वर येतो आणि पाणी तुंबतं. नारळाच्या करवंट्या सुतळीनं टांग, त्यात चिनी गुलाब लई फुलतो. डब्यांची झाकणं तारेत ओव. वाऱ्यात वाजत्यात, पाखरं रोपं उपटत न्हाईत. तुझी आई फुटक्या बांगड्या ओल्या सिमेटात दाबायची. न्हाणीच्या कट्ट्यावर ती नक्षी हाय ना, तसलीच.

पानांवर माव्याची कीड पडली तर तंबाखूच्या देठाचं पाणी मार. जन्मभर वखारीत माझ्या नाकातोंडात गेली ती तंबाखू, आता झाडाच्या तरी कामाला येऊ दे.

येण्याचं म्हणशील तर. हितं मी बोट दावलं की मष्णू दुकानातनं नेमकी चहापत्ती काढतो. मालुबाईच्या म्हशीलाबी माझी टाळी कळती. तिकडं मला कोण वळखतं? मुका म्हातारा म्हणून बघतील. तवा दोन टिचक्या समज.

तुझा बाप,
सत्याप्पा


मच्छे,
२१ जुलै

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जय भीम.

डबे झाले. भोकं आतून बाहेर पाडली. पहिल्या डब्याला उलटी पाडली होती, तो टाकवला नाही, त्यात खुरपं ठेवते.

तंबाखूच्या पाण्यावरून मात्र गोंधळ झाला. धोंडूआक्कांना वास गेला. “काय उकळतीस?” मी सांगितलं. “अगं, जीव हाय तो! माझ्या अंगणात विष मारायचं न्हाय.” “मग मावा कसा जाणार?” “त्याला दुसरीकडं न्हेऊन सोड.” आप्पा, मी आता रोज सकाळी पानं ओल्या फडक्यानं पुसते आणि फडकं कंपाउंडबाहेरच्या रुईवर झटकते. पण ती रुई शेजाऱ्यांच्या हद्दीत आहे. दुसऱ्याच्या झाडावर आपण मावा सोडतो आहोत, हे बरोबर आहे का? कारखान्यात हिशेब लिहितानाही मला हेच आठवत राहतं आणि एकदा बेरीज चुकली.

झाकणांची माळ लावली. वारा आला की वाजते. अंथरुणावर पडून मी नकळत मोजते, एक, दोन, एक. तुम्ही कशाला तरी व्हय म्हणता आहात असं वाटतं. मग लक्षात येतं, मी काही विचारलंच नव्हतं.

इथं पावसाची झड लागली आहे. मागच्या भिंतीचं काय? उन्हाळ्यातच तिला फुगारा आला होता. लिंपून घेतली का? या झडीत फोनही लागत नाही, म्हणून काळजी वाटते.

तुमची,
सुनयना


निपाणी,
९ ऑगस्ट

चि. सुनयना,
जय भीम.

उशीर झाला. कागद भिजलते. फोनबी भिजलता, मष्णूनं तांदळाच्या डब्यात घालून वाळवला.

मागच्या भिंतीची काळजी आता करू नको. तिचं काय ते मिटलं.

भरमूचा टेम्पो मच्छेच्या कारखान्यात माल घेऊन येतो, त्यातनं कौलं धाडलीत. हितं पडूनच हायत. वाफ्याच्या कडेनं तिरकी पूर, निम्मी मातीत निम्मी वर, एकाला एक टेकून. माती वाहून जात न्हाय आणि दिसाय झ्याक दिसतं. संगं आईची वखारीतली चाळण हाय. जाळी फाटलीया, पण लाकडी कडं ठणठणीत हाय. भिंतीला टांग आणि मधनं वेल सोड.

मावा शेजारच्या रुईवर सोडायला हरकत न्हाय. रुई कुणाचीच नसती.

मांडीवर लिवतोय, म्हणून अक्षर वाकडं.

तुझा बाप,
सत्याप्पा


मच्छे,
२५ ऑगस्ट

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जय भीम.

कौलं मिळाली, एकही फुटलं नव्हतं. परसात जादाची रचून ठेवलेली असतात तीच ना? एका बाजूनं काजळी धरून काळी झाली होती. जादाच्या कौलांना काजळी कशी, असा एकदा विचार आला. मग वाटलं, पाणी तापवायची चूल तिथंच जवळ आहे. दोन रविवार विटेच्या तुकड्यानं आणि साबणानं घासली. बोटांची सालं निघाली, पण कौलं लालभडक झाली. गेरूचा हात दिला, वर चुन्याचे ठिपके काढले. तुम्ही सांगितलं तशी तिरकी पुरली. आता वाफा खरंच वाफ्यासारखा दिसतो.

धोंडूआक्का दिवस मावळायच्या आत जेवतात. हल्ली ताट घेऊन अंगणातच येऊन बसतात. मी कारखान्यातून येईपर्यंत त्यांचं जेवण होत आलेलं असतं. आम्ही फार बोलत नाही. परवा म्हणाल्या, “श्रेयसचा फोटो आला मोबाइलवर. बागेत उभा हाय. त्याच्यापेक्षा ही बाग बरी.”

भरमूदादांना मी विचारलं, “आप्पा बरे आहेत ना?”

“हायत की.”

“घरी भेटले का?”

“आता मी डायवर माणूस. माल घ्यायचा, माल टाकायचा.”

एवढं बोलून चहा न घेताच गेले. त्यांना लागेल असं मी काही बोलले का? चहा ‘घेता का’ असं विचारलं, ‘घ्या’ म्हणायला हवं होतं. तुम्ही भेटलात तर माझ्या वतीनं काही करता येईल का बघा.

चाळण लावली. तिच्यात तोंड घातलं तर अजून शिंक येते. आईच्या पदराला हाच वास यायचा.

तुमची,
सुनयना


निपाणी,
८ सप्टेंबर

चि. सुनयना,
जय भीम.

भरमू रागावला न्हाय. त्याला चहानं पित्त होतं.

आज एक खिडकी धाडलीया. जुनं लाकूड हाय, पण किडलेलं न्हाय. उभी कर आणि वेल चढव. हितं आता तिचं काम न्हाय.

जेवण झालं. आमटी भाकरी.

तुझा बाप,
सत्याप्पा


मच्छे,
१५ सप्टेंबर

आप्पा,

आज जय भीमसुद्धा नीट लिहवत नाही, माफ करा.

खिडकी उतरवून घेताना मी भरमूदादांना म्हणत होते, सावकाश, भिंतीला लागेल. मग झडप उघडली. आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेला ‘स’ होता. मी सातवीत होते. तुम्ही वखारीतून आलात की या खिडकीशी बसायचात आणि मी झडपेवर कोळशानं अक्षरं काढायची. ‘स’ तुम्हाला जमला तेव्हा तुम्ही खिळा घेऊन तो कोरलात. “सत्याप्पाचाबी ह्योच आणि सुनयनाचाबी ह्योच, एका कष्टात दोन नावं,” असं म्हणाला होतात. तेव्हा तुमचा आवाज होता.

मी भरमूदादांना विचारलं, “खिडकी इथं आली, मग तिथं काय आहे?” ते टेम्पोचं फाळकं लावायला लागले. मग म्हणाले, “ताई, मला आप्पानं शपथ घातलीया. तू फोन लाव.”

मी फोन लावला. तुम्ही उचललात. मी विचारलं, भिंत पडली का? एक टिचकी. सगळं घर? एक टिचकी. तुम्हाला लागलं का? दोन. गल्लीतल्या बुद्धविहारात राहता का? एक. मी येऊ का? दोन. परत विचारलं, येऊ का? दोन, आणि जोरात. त्यापुढं मला काही विचारता येईना, कारण राहिलेल्या प्रश्नांना व्हय-न्हाय उत्तरं नव्हती. आपण दोघं तसेच फोन धरून बसलो. मग माझा रिचार्ज संपला.

रात्री मी एक कौल उपटलं. उलटं करून बघितलं. मी आईच्या चुलीचा धूर घासून काढला, आप्पा. वीस वर्षांचा धूर. साबण लावून. एवढ्या काळज्या करते मी, खिळ्याची, माव्याची, चहाची. ज्याची करायची त्याचीच केली नाही.

सगळं लिहा. आमटी-भाकरीवर थांबू नका.

सुनयना


निपाणी,
२१ सप्टेंबर

चि. सुनयना,
जय भीम.

लिवतो. एवढं कवा लिवलं न्हाय, चुका काढू नको.

जुलैच्या शेवटाला, दुपारचं. मी मष्णूच्या दुकानात गेलतो. मागची भिंत बसली आणि तिच्यासंगं आढं खाली आलं. मी पळत आलो तर सगळी गल्ली गोळा. लोकास्नी वाटलं मी आत हाय. ‘सत्याप्पा, ओ सत्याप्पा’ करून माती उपसाय लागलीती. आणि मी त्यांच्या पाठीमागं उभा. मला हाक देता येईना. टाळ्या वाजवल्या. पावसात कुणाला ऐकू जातंय. माणसं माझ्यासाठी रडत होती आणि मी मागं उभा राहून टाळ्या वाजवत होतो. शेवटाला मालुबाईनं वळून बघितलं. आधी पाठीत गुद्दा घातला, मग रडली. म्हणाली, “मेल्या, जित्ता हाईस तर पुढं यायला काय हुतं?”

पंचनामा झाला. विहाराच्या बाजूच्या खोलीत ऱ्हातो. जेवण मालुबाईकडचं, म्हणून रोज आमटी. ते खोटं न्हाय लिवलं.

तुला सांगितलं असतं तर तू रात्रीच्या गाडीनं आली असतीस. येक नोकरी माझ्या गळ्यानं खाल्ली. दुसरी भिंतीनं खायची व्हय?

कौलं उकिरड्यावर टाकवंनात. तवाच तुझं पत्र आलं, डबे झाले म्हणून. वाटलं, घर हितं उभं ऱ्हायलं न्हाय, तर तिकडं आडवं तरी ऱ्हाईल. एकट्या माणसाला भिंत कशाला, असं म्हणून थोडं थोडं धाडलं. खिडकी शेवटची. ती धाडताना हात लागंना, म्हणून भरमूनं चढवली.

काजळीचं मनाला लावून घेऊ नको. तुझी आई जिती असती तर तिनंबी घासलीच असती. हात पुरत न्हवता म्हणून ऱ्हायली.

सत्याप्पा


मच्छे,
२९ सप्टेंबर

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जय भीम.

टाळ्यांचं वाचलं. मग उठून डब्यांना पाणी घातलं आणि पुढचं वाचलं.

आता मी मागते आहे ते नीट ऐका. इथं या. विहारातली खोली दुसऱ्याची आहे, पावसाळा संपला की कार्यक्रम सुरू होतील, लोक काही बोलणार नाहीत पण तुम्हालाच अवघड वाटेल. इथं तुमची कौलं आहेत, आईची चाळण आहे. खिडकी मी कंपाउंडला टेकवून दोन डब्यांवर उभी केली आहे. गोकर्णाचा वेल पहिल्या गजापर्यंत गेला. तिच्यातून पलीकडचं काही दिसत नाही, सिमेंटच दिसतं. तरी संध्याकाळी मी तिच्यासमोर बसते.

धोंडूआक्कांना सगळं सांगितलं. न सांगता त्यांच्या अंगणात कुणाचं पडलेलं घर ठेवणं बरं वाटेना. त्या जेवता जेवता थांबल्या. म्हणाल्या, “बोलव की त्याला.” मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही. “मग काय झालं? हितं बोलणारं तरी कोण हाय? श्रेयस आठवड्यानं फोन करतो, ‘आई, बरी हाईस न्हवं’ म्हणतो आणि ठेवतो. तुझ्या बापाच्या दोन टिचक्या त्याच्यापेक्षा जास्त झाल्या.” आता त्या माझ्या दारावर बोटानं वाजवतात. मी आत आहे का विचारायला दोन टिचक्या मारतात. ते उलटं आहे, पण मी सुधारलं नाही.

तुम्हाला कुणी ओळखत नाही म्हणालात. मलाही इथं कुणी ओळखत नाही, आप्पा. दोघं मिळून अनोळखी राहू.

उत्तरात फक्त एक रेघ ओढली तरी चालेल. ती एक टिचकी समजेन.

तुमची,
सुनयना


निपाणी,
३ नोव्हेंबर

चि. सुनयना,
जय भीम.

रेघ ओढाय बसलो आणि उठलो, असं लई येळा झालं. म्हणून महिना गेला.

तू लिवलंस, खिडकीतनं सिमेट दिसतं. ते वाचल्यापासनं झोप लागंना. खिडकी मी सजावटीला धाडली, पण खिडकीतनं काय तरी दिसाय पायजे. आपल्या खिडकीतनं मालुबाईचा गोठा दिसायचा. त्या खिडकीत बसून मी अक्षरं शिकलो ते म्हशीकडं बघत बघत.

मग गल्लीतली दोघं-चौघं घेतली आणि एक खोली उभी केली. विटा बऱ्याच जुन्याच, मातीतनं निवडून काढलेल्या. वर पत्रा. लहान हाय, पण माझ्यापुरती हाय. न्हाणीचा कट्टा वाचलाय, आईच्या बांगड्या जागच्या जागी हायत. गोठ्याच्या बाजूला भिंतीत चौकोन मोकळा ठेवलाय. आता पोतं लावलंय त्याला, थंडी येती.

तवा सुनयना, दोन टिचक्या. मी तिकडं येत न्हाय. हितं माझ्यासाठी माती उपसणारी माणसं हायत. तू वाईट वाटून घेशील, घे. पर खिडकी परत धाड. भरमूकडं दे.

कौलं तुझी. खिडकी माझी. चाळणीचं तू ठरव.

तुझा बाप,
सत्याप्पा


मच्छे,
१० नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जय भीम.

पत्र आलं त्या दिवशी मी अंगणातला दिवा लावला नाही. तुम्ही वाईट वाटून घे म्हणालात, म्हणून घेतलं. डबे, करवंट्या, कौलं, हे सगळं मी तुम्ही याल म्हणून मांडत गेले होते, आणि तुम्ही यायचं सोडून भिंत बांधलीत. दोन दिवस मला त्या भिंतीचा राग आला. मग त्या पोत्याचं आठवलं.

खिडकी सोडवायला घेतली तर वेल वरपर्यंत गेलेला. मी कात्री आणली. धोंडूआक्का ताट खाली ठेवून आल्या. “कापू नको, जीव हाय.” मग आम्ही दोघींनी वेलाचा एकेक पीळ उलगडून काढला. अंधार पडायला आला, त्यांचं जेवण तसंच राहिलं, आणि दिवस मावळल्यावर त्या जेवत नाहीत. मी दहा वेळा माफी मागितली. त्या म्हणाल्या, “एक दिवस उपास घडला. पुण्य लागलं तर तुझ्या बापाला निम्मं.” वेल आता कंपाउंडच्या खिळ्यांवर सोडला आहे. एक पीळ मधल्या गजाला इतका घट्ट होता की तो तसाच ठेवला. वाळेल, पण मी काढणार नाही. या वेळी काहीही घासून, पुसून काढणार नाही.

चाळण इथं ठेवते. मला हवी आहे.

राहिलं वचन. नोकरी पक्की होईपर्यंत यायचं नाही, असं ठरलं होतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. रविवारी मला सुट्टी असते, म्हणजे रजा लागत नाही. शिवाय मी येत नाही, खिडकी येते, आणि टेम्पोत तिला धरायला कुणीतरी लागतं. भरमूदादांना हे पटवून दिलं. ते म्हणाले, “ताई, तुला नुसतं ‘येते’ म्हणता येत न्हाय का गं?” या वेळी त्यांना मी लिंबूसरबत दिलं, पित्ताला चालतं.

रविवारी संध्याकाळीच मी परत येईन. इथल्या भिंतीपुढं दोन डबे रिकामे दिसतील, त्यांत काय लावायचं ते येताना ठरवीन. नाहीतर ठरवणार नाही.

तुम्ही माती कालवून ठेवा. चौकट तुम्ही आतून धरा, मी गोठ्याच्या बाजूला उभी राहून बाहेरून धरते. ती आतून सरळ दिसते का, ते मला बाहेरून कळणार नाही. सरळ बसली असेल तर गजावर एक टिचकी मारा, वाकडी असेल तर दोन. मी हात सोडणार नाही.

तुमची,
सुनयना